बालगीतांचं एक आजोळ

रविवार सकाळ. जबलपूरच्या सिव्हिल लाइन्स भागातल्या एका चर्चच्या मागच्या अंगाला लांबट खोली आहे. सतरंजीवर पंचवीसेक मुलं बसली आहेत. सगळ्यांत लहान मुलगी तोंडातला अंगठा काढायला तयार नाही. सगळ्यांत मोठा मुलगा सातवीत आहे. आपण आता इथे बसण्याइतके लहान नाही, हे दाखवायला तो खिडकीला टेकून उभा आहे. भिंतीवरच्या चार्ट पेपरवर जाड स्केचपेननं गाण्याचे शब्द लिहिले आहेत. शिकवणारी मुलगी स्वतः कॉलेजात शिकते, मुलं तिला दीदी म्हणतात. "पहले मैं, फिर तुम," म्हणत ती एक ओळ गाते आणि मुलं ती परत गातात. तीन-चार वेळा ओळ फिरली की ती हातवारे सुरू करते. आकाशासाठी हात वर, समुद्रासाठी लाट, देवाच्या मायेसाठी छातीवर दोन्ही तळवे. आता कुणीच चार्टकडे बघत नाही, शब्द हातांत उतरलेत. मागून आवाज येतो, "दीदी, अब फास्ट में!" आणि तेच गाणं दुप्पट लयीत सुरू होतं. या वेळी खिडकीजवळचा मुलगाही हात हलवतो.

संपादकांनी यंदा विषय दिला तो लहानपणी कानावर पडलेल्या गाण्यांचा. अंगाई, भोंडला, शाळेची प्रार्थना, रेडिओवरची बालगीतं यांवर लिहिणारे पुष्कळ असतील. मला ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये मुलांसाठी रचलेल्या गाण्यांवर लिहायचं होतं. मराठी बालकवितेच्या मुळाशी गेलं की ही गाणी भेटतात, आणि आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना एखाद्या वाक्यापलीकडे जागा मिळत नाही. ती जागा त्यांना मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

यासाठी अमेरिकन मिशनऱ्यांचं जुनं ठाणं असलेल्या नगरला जाणं सोपं होतं. पण नगरच्या गाण्यांबद्दल थोडंफार तरी लिहिलं गेलंय. जबलपूर मराठीच्या काठावरचं शहर. तिथे हे गाणं कसं आलं आणि कुणाच्या तोंडी टिकलं, ते पाहायचं होतं.

दोन रेल्वे जिथे मिळाल्या

जबलपूर 1817 पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होतं. इंग्रजांनी ते घेतल्यावरही नागपूरशी असलेला धागा तुटला नाही. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, राजधानी नागपूर, आणि 1956 पर्यंत ही दोन्ही शहरं एकाच प्रांतात नांदली. कचेऱ्या, शाळा, न्यायालयं, रेल्वे यांच्या निमित्तानं मराठी घरं इथे आली आणि राहिली. चर्च मिशनरी सोसायटीनं 1854 मध्ये जबलपुरात काम सुरू केलं. छावणीतल्या गोऱ्या सैनिकांसाठी क्राइस्ट चर्च त्याआधीच, 1844 मध्ये, उभं राहिलं होतं. मार्च 1870 मध्ये मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे याच शहरात एकमेकींना मिळाली. मुंबई-कलकत्ता हा लोहमार्ग पुरा झाला तो जबलपुरात.

गाण्यांच्या दृष्टीनं ही मोठी घटना होती. मुंबईत छापलेली मराठी पुस्तकं, अलाहाबादेत छापलेली हिंदी पुस्तकं आणि इंग्लंड-अमेरिकेतून जहाजानं आलेली रंगीत चित्रांची कार्डं, सगळ्यांचा रस्ता इथून जाऊ लागला. 1876 मध्ये अलाहाबादला इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन झाली. निरनिराळ्या पंथांच्या रविवारच्या शाळांना शिक्षक, धडे आणि गाणी पुरवणं हे तिचं काम. विसाव्या शतकाच्या आरंभी तिचे सरचिटणीस असलेले रेव्हरंड रिचर्ड बर्जेस जबलपुरात राहत आणि सबंध देशाशी पत्रव्यवहार इथून करत. पुढे युनियनचं ठाणं निलगिरीत कुन्नूरला गेलं. 1920 च्या दशकापासून शहरात लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजही आहे. पाळक होऊ पाहणारी तरुण मंडळी निरनिराळ्या प्रांतांतून इथे शिकायला आली, म्हणजे तितक्या भाषांमधली लहानपणची गाणीही आली.

आजच्या संडे स्कूलमध्ये ही सरमिसळ नावं ऐकताच कळते. 1904 मध्ये उभारलेली गन कॅरेज फॅक्टरी, नंतरचे इतर आयुध कारखाने आणि रेल्वे यांनी केरळ, तामिळनाडू, छत्तीसगड, विदर्भ इथली कुटुंबं आणून बसवली. मुलं आपसांत हिंदीत बोलतात. घरी आजीशी मल्याळम, उरांव किंवा मराठी.

खाली वाकायचं की वर उचलायचं

हे गाणं आधी इंग्लंडात कसं घडलं, ते पाहिल्याशिवाय इथली गोष्ट कळत नाही.

आयझॅक वॉट्स हा इंग्रजी स्तोत्रकार आजारपणामुळे सर थॉमस ॲब्नी यांच्या घरी पाहुणा म्हणून गेला आणि मरेपर्यंत, छत्तीस वर्षं, तिथेच राहिला. त्या घरातल्या मुलांच्या सहवासात त्यानं 1715 मध्ये मुलांसाठी सोप्या भाषेतल्या धार्मिक गीतांचं पुस्तक काढलं. त्याआधी मुलांना धर्म शिकवण्याचं साधन म्हणजे प्रश्नोत्तरी, पाठ करायची आणि न चुकता म्हणून दाखवायची. कवितेत घातलेलं लवकर पाठ होतं आणि एकटं असताना मनाशी म्हणता येतं, हे वॉट्सनं ओळखलं. त्याच्या पुस्तकात मधमाशी, मुंगी, भांडणारी भावंडं आहेत, आणि नरकाची भीतीही आहे, पाच वर्षांच्या मुलाला घाम फुटेल अशी. पुढे दीडशे वर्षं इंग्रजी घरांतून हे पुस्तक इतकं घोकलं गेलं की लुईस कॅरलनं 1865 च्या 'ॲलिस'मध्ये त्यातल्या मधमाशीच्या गाण्याचं विडंबन केलं, तेव्हा मूळ गाणं कुठलं हे कुणालाच सांगावं लागलं नाही.

1763 मध्ये चार्ल्स वेस्लीचं मुलांच्या स्तोत्रांचं पुस्तक आलं. त्याच्या पुढच्या आवृत्तीला भाऊ जॉन वेस्लीनं छोटी प्रस्तावना लिहिली. त्यात तो म्हणतो, मुलांसाठी लिहिण्याचे मार्ग दोन: आपण त्यांच्यापर्यंत खाली उतरायचं, किंवा त्यांना आपल्यापर्यंत वर घ्यायचं. वॉट्सनं पहिला मार्ग घेतला, आपण दुसरा. मुलांसाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न आजही सोडवावा लागतो, मराठीतसुद्धा. माझा कौल वेस्लीच्या बाजूनं जात नाही. मुलांना उचलून घेण्याच्या नादात चार्ल्सच्या कित्येक ओळी मुलांच्या तोंडात बसेनाशा झाल्या आणि मुलांनी त्या सोडल्या.

1780 मध्ये ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्सनं कारखान्यांत राबणाऱ्या मुलांसाठी रविवारची शाळा सुरू केली. आठवड्यातले सहा दिवस कामावर जाणारी मुलं सातव्या दिवशी वाचायला शिकू लागली, आणि गाण्यांची एकदम मोठी गरज निर्माण झाली. ॲन आणि जेन टेलर या बहिणींचं बालस्तोत्रांचं पुस्तक याच काळातलं. त्याच जेन टेलरनं 1806 मध्ये ताऱ्यावरची ती कविता लिहिली, जी आज आपल्याकडे बालवाडीत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला पाठ असते. देवाचं गाणं आणि ताऱ्याचं गाणं एकाच बाईच्या हातचं आहे, आणि इंग्रजी बालकवितेत असं पुन्हा पुन्हा दिसतं. क्रिस्टिना रोझेटीनं 1872 मध्ये तान्ह्यांच्या बडबडगीतांचं पुस्तक काढलं. ख्रिसमसला गायिलं जाणारं तिचं प्रसिद्ध गीतही त्याच वर्षी छापून आलं.

आयर्लंडमधल्या सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर यांची गोष्ट जबलपूरला येऊन भिडते, कारण त्यांची गाणी इथल्या इंग्रजी शाळांमध्ये आजही प्रार्थनेला असतात. धर्ममताचं एकेक वाक्य मुलांना कंटाळवाणं वाटतं, म्हणून त्यांनी प्रत्येक वाक्यासाठी एक गाणं रचलं. 1848 च्या त्या पुस्तकाचं बरंच उत्पन्न मूकबधिर मुलांच्या शाळेला गेलं. देवानं निर्मिलेल्या सुंदर गोष्टींच्या त्यांच्या गाण्यात एक कडवं असंही होतं, ज्यात श्रीमंताचा वाडा आणि त्याच्या दारातला गरीब दोन्ही देवानंच नेमून दिले आहेत. 1906 च्या 'इंग्लिश हिम्नल'मधून ते कडवं गाळलं गेलं. ज्या काळात आयर्लंडात बटाट्याचं पीक बुडून लाखो माणसं मेली, त्याच काळात हे लिहिलं गेलं, हे लक्षात आलं की ते गाळणाऱ्यांचे आभार मानावेसे वाटतात.

दूरच्या सुखी देशाचं गाणं

1838 मध्ये स्कॉटलंडमधले शिक्षक अँड्र्यू यंग यांनी एका घरच्या बैठकीत एका बाईला पियानोवर एक चाल वाजवताना ऐकलं. ही हिंदुस्थानी चाल आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. यंग यांनी तिच्यावर दूरच्या सुखी देशाचं, म्हणजे स्वर्गाचं, बालगीत रचलं आणि ते जगभर गेलं. ती चाल खरंच हिंदुस्थानातली का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण मिशनऱ्यांबरोबर ते गाणं हिंदुस्थानात आलं आणि इथल्या भाषांमध्ये अनुवादित झालं.

ते गाणं कुणी गायिलं, हा प्रश्न मध्य प्रांतात आल्यावर अंगावर येतो. 1896-97 चा दुष्काळ इथे भयंकर होता. अनाथ मुलांचे लोंढे मिशनच्या कंपाउंडमध्ये आले. जबलपूर, दमोह, होशंगाबाद या पट्ट्यात मुलामुलींची अनाथालयं भरली. पुण्याहून पंडिता रमाबाई याच दुष्काळात मध्य प्रांतात आल्या. आधीच्या एका दुष्काळाच्या दिवसांत त्यांनी स्वतःचे आईवडील आणि बहीण गमावली होती, त्यामुळे समोर काय आहे हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. सुमारे 300 मुली त्यांनी बरोबर नेल्या, आणि केडगावच्या मुक्तिसदनाची खरी वस्ती या मुलींनी उभी राहिली.

अनाथालयातला दिवस घंटेवर चाले, आणि घंटेच्या जोडीला गाणं असे. उठताना, जेवणाआधी, शिवणाच्या तासाला, झोपताना. निरनिराळ्या जातींची आणि बोलींची, बहुतेक अक्षरशत्रू असलेली शेकडो मुलं एका छपराखाली आणल्यावर त्यांना एकत्र बांधायला गाण्याइतकं हुकमी साधन दुसरं नव्हतं. त्या मुलांना ख्रिस्ती म्हणून वाढवलं गेलं, आणि त्याबद्दलचा आक्षेप तेव्हाही होता. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीच्या 1956 च्या अहवालानं याच मध्य प्रदेशात तो सरकारी पातळीवर मांडला. मला तो आक्षेप क्षुल्लक वाटत नाही. आईबाप गमावलेल्या मुलाला कुणी विचारलं नव्हतं, तू कुठलं गाणं गाशील म्हणून. त्याचबरोबर, ज्यांनी त्या मुलांना जेवू घातलं त्यांच्या दारापाशी ती मुलं जगली, हेही तितकंच खरं आहे. भुकेनं आलेल्या मुलानं दूरच्या सुखी देशाचं गाणं म्हणावं, हे मला वाचताना सहन होत नाही. त्या मुलांना त्या गाण्यात काय मिळालं असेल, ते मी त्यांच्या वतीनं ठरवू शकत नाही.

त्याआधी उत्तरेत जन्मलेलं एक मराठी मूलही या गाण्यांवर वाढलं. नीलकंठशास्त्री गोरे हे कोकणातून बुंदेलखंडात गेलेल्या चित्पावन घराण्यातले. पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ते नेहेम्या गोरे झाले. त्यांची मुलगी एलन लक्ष्मी 1853 मध्ये काशीत जन्मली, आई लवकर गेली, आणि ती इंग्रज कुटुंबांत, पुढे इंग्लंडात वाढली. परत आल्यावर तिनं अलाहाबादेत अनाथ मुलींमध्ये काम केलं. तिची स्तोत्रं इंग्रजी पुस्तकांत अजून छापतात. ती सगळी इंग्रजीत आहेत. गोरे घराण्यातल्या मुलीला मराठीत एकही गाणं रचता आलं नाही, कारण मराठी गाणं तिच्या कानावर पडायची सोयच राहिली नव्हती.

टिळकांच्या घरात

मराठी ख्रिस्ती गाण्याची परंपरा इंग्रजी अमलाहून कितीतरी जुनी आहे. 1542 मध्ये गोव्यात फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यानं फिरत, मुलांना गोळा करत आणि धर्माचे पाठ त्यांच्याकडून गाऊन घेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचं सुमारे 11 हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापलं गेलं आणि लोकांना चर्चमध्ये ते गाऊन दाखवलं जाई. पण एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी नगरला काम सुरू केलं, तेव्हा त्यांच्यापाशी मुख्यतः स्वतःच्या देशातल्या चालींचा साठा होता. त्यांवर मराठी शब्द बसवताना अडचण यायची. इंग्रजी गाणं आघातावर चालतं, मराठी शब्द ऱ्हस्वदीर्घावर. भाषांतरकार अक्षरं मोजून ओळ पुरी करी, पण लांब सुराखाली ऱ्हस्व अक्षर यायचं आणि गाताना ते ताणावं लागायचं. मोठी माणसं पुस्तकात बघून तेही गात. अक्षरओळख नसलेल्या मुलाला ताणलेल्या शब्दातून अर्थ लागत नसे.

कृष्णराव सांगळे यांनी नगरला ख्रिस्ती कीर्तनाची पद्धत रुजवली आणि पद, साकी, दिंडी यांतून बायबलच्या कथा सांगितल्या. तिथून पुढची वाट नारायण वामन टिळकांनी खुली केली. ही वाट सुरू होते तीही मध्य प्रांताच्या परिसरात. नागपुरात काही वर्षं काढल्यावर 1893 च्या सुमारास टिळक राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात त्यांना अर्नेस्ट वॉर्ड हे मिशनरी भेटले, त्यांनी बायबल दिलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पुढची कितीतरी वर्षं त्यांचं घर नगरला होतं. त्या घराचं सगळ्यांत खरं चित्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. स्वतःच्या मुलांखेरीज परकी मुलं त्या घरात सतत येत-जात आणि राहत.

अमेरिकन मराठी मिशनचं 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिक 1870 च्या दशकापासून निघत होतं. मराठीत मुलांसाठी खास मासिक असावं, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. टिळकांची लेखणी त्यात चालली. मुलांसाठी कविता लिहायची तर तिला मुलांच्या बोलण्याची लय हवी, हे त्यांनी लिहून दाखवलं. फुलांचे आणि मुलांचे कवी अशी त्यांची ओळख झाली ती त्यामुळेच. 'उपासनासंगीत' या मराठी मंडळ्यांच्या गीतपुस्तकात अडीचशेच्या आसपास रचना त्यांच्या आहेत. त्यांतली भजनं वाचताना सतत जाणवतं की हा माणूस वारकऱ्यांच्या अभंगावर पोसलेला आहे. लहान ओळ, रोजचा शब्द, पुन्हा पुन्हा येणारं धृपद.

याच घरात काही काळ त्र्यंबक बापूजी ठोमरे राहिले. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली होती. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखं वागवलं. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्या घरात त्यांच्याकडून तशी अपेक्षाही कुणी ठेवली नाही. 'फुलराणी' लिहिणारा हा कवी आणि 'उपासनासंगीता'तला भजनकार एका पंगतीला जेवत होते. आपण शाळेत एकाला शिकतो, दुसऱ्याची एखाद-दुसरी कविता शिकतो, आणि त्याच्या बालस्तोत्रांपर्यंत कधी पोचत नाही. मराठी बालकवितेचे संग्रह काढताना ही रचना धार्मिक म्हणून बाजूला ठेवायची पद्धत पडली आहे. मग भूपाळ्या, श्लोक आणि आरत्याही धार्मिकच आहेत, आणि त्या आपण मुलांच्या गाण्यांत आनंदानं घेतो. टिळकांना तोच न्याय द्यायला हवा.

पाच सूर

जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये एका निवृत्त शिक्षिकाबाईंना भेटले. माहेर नागपूरच्या मराठी मंडळीतलं, वडील पाळक. लग्न होऊन जबलपूरला आल्या त्या कायमच्याच. "घरी मराठी, चर्चला हिंदी, शाळेत इंग्रजी," त्या म्हणाल्या. "कुठलं गाणं कुठल्या भाषेत शिकले ते आता सांगता यायचं नाही हो. चाल मात्र विसरले नाही." पेटी पुढ्यात ओढून त्यांनी आधी ॲना वॉर्नर यांचं 'जीझस लव्हज मी' वाजवलं. 1860 च्या एका कादंबरीत मरणाच्या दारातल्या मुलाला धीर देण्यासाठी आलेली ही कविता. 1862 मध्ये विल्यम ब्रॅडबरी यांनी तिला चाल दिली, धृपद जोडलं, आणि मुलांच्या स्तोत्रांत तिच्याइतकं दुसरं कुठलंच फिरलं नसेल.

बाईंनी पट्ट्यांवर बोट ठेवून दाखवलं: सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. "आपला भूपच की," त्या म्हणाल्या आणि त्याच पट्टीत थेट 'घनश्याम सुंदरा'ची चाल धरली. दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा आहे, राग म्हणून भूपाचं चलन अमेरिकन चालीत शोधायला जाऊ नये. पण सूर तेच पाच. पहाटे भूपाळी ऐकत वाढलेल्या मुलाला ब्रॅडबरींची चाल परकी वाटायचं कारण नव्हतं. ज्या विलायती चालींमध्ये अर्धस्वर एकापाठोपाठ येतात, त्या चाली आपल्या मंडळ्यांमध्ये मोठ्यांच्या गायनवृंदापुरत्या राहिल्या. मुलांनी उचलल्या त्या बहुतेक थोड्या सुरांच्या, उड्या कमी घेणाऱ्या आणि धृपद लवकर परत आणणाऱ्या.

सुरांच्या या हिशेबाला आणखी एक दुवा आहे. 1841 मध्ये इंग्लंडात हल इथे रविवारच्या शाळांच्या शिक्षकांची परिषद भरली. मुलांना गाणं शिकवण्याची सर्वांत सोपी रीत शोधा, असं काम तिनं जॉन कर्वेन या तरुण धर्मोपदेशकावर सोपवलं. त्यांनी सारा ग्लोव्हर या शिक्षिकेची पद्धत घेऊन वाढवली, आणि त्यातून डो रे मीची ती सुटसुटीत लिपी तयार झाली, जिच्यात पहिला सूर कुठेही धरता येतो. आपल्या सा रे ग मचंही तेच आहे, षड्ज गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे सरकतो. पाच ओळींच्या विलायती लिपीपेक्षा ही पद्धत आपल्याकडच्या शिक्षकांना चटकन आपलीशी वाटणं साहजिक होतं. बाईंच्या वडिलांच्या वहीत त्यांनी सारेगमची अक्षरं आणि विलायती अक्षरं शेजारी शेजारी लिहिलेली आहेत.

पट्टीबद्दल बाईंचा एक आग्रह आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटला. शिकवणारी मोठी बाई आपल्या सोयीनं काळी एक धरते, कधी त्याहून खाली. लहान मुलाचा आवाज तिथे पोचत नाही, मग ते मूल गाण्याऐवजी बोलायला लागतं, आणि आपण म्हणतो याला सूर नाही. त्याच मुलाला काळी तीन किंवा चार द्या, तो सुरात येतो. "किती मुलं आम्ही बेसूर ठरवली असतील," त्या म्हणाल्या. माझ्यासमोर त्यांनी शेजारच्या घरातल्या दोन मुलांना बोलावून एकच गाणं आधी खाली आणि मग वर गाऊन घेतलं. फरक ऐकायला संगीत कळावं लागत नाही.

आता कोण रचतं

मुलांच्या नव्या ख्रिस्ती गाण्यांचा हंगाम म्हणजे मे महिना. शाळांना सुट्टी लागली की मंडळ्यांमध्ये व्हेकेशन बायबल स्कूल भरतं, सगळे त्याला व्हीबीएस म्हणतात. ही कल्पना न्यूयॉर्कची, 1900 च्या आसपासची. उन्हाळ्यात रस्त्यावर उनाडणाऱ्या मुलांना सावलीत बसवण्यासाठी निघालेली. जबलपुरातल्या मे महिन्यात सावलीची गरज न्यूयॉर्कपेक्षा जास्तच आहे. दरवर्षी नवा विषय, नवी गाणी, नवे हातवारे. पूर्वी शिक्षक शिबिराला जाऊन गाणी शिकून येत आणि आपल्या मुलांना शिकवत. शिकून येण्यात आणि शिकवण्यात गाणं थोडं बदले, त्या गावचं होई. आता गाणं फोनवर येतं, छोट्या स्पीकरवर लागतं, आणि मुलं पडद्यावरच्या मुलांबरोबर नाचतात. गाण्याची गती तयार मिळते, पट्टीही.

यात काही चांगलंही आहे. मंडल्याकडच्या छोट्या मंडळीतल्या मुलालाही शहरातल्या मुलासारखंच गाणं मिळतं. पण ऐकत राहिलं तर जाणवतं की नव्या गाण्यांमधला पाऊस जबलपूरचा नाही, झाडं इथली नाहीत, नर्मदा तर कुठेच नाही. ज्या शहरातल्या प्रत्येक मुलानं भेडाघाटचा धुवाँधार पाहिलाय, त्या मुलाला पाण्याचं गाणं शिकवताना तो धबधबा आठवू नये, याचं मला वाईट वाटतं. याच शहरात सुभद्राकुमारी चौहान राहिल्या आणि हिंदी मुलांना कदंबाच्या झाडाची कविता देऊन गेल्या. टिळकांनी मराठीत केलं आणि सुभद्राकुमारींनी हिंदीत, ते काम संडे स्कूलच्या गाण्यांसाठी आज कुणीतरी करायला हवं.

कुणी करत नाही, असंही नाही. निवृत्त बाईंच्या कपाटात त्यांच्या स्वतःच्या वह्या आहेत. वर्गातल्या मुलांसाठी, नाताळच्या कार्यक्रमासाठी, एखाद्या आजारी मुलासाठी त्यांनी रचलेली गाणी, काही मराठी, बरीच हिंदी. एकाही गाण्याखाली नाव नाही. विचारलं तर म्हणाल्या, "नाव कशाला? मुलांना गायचं असतं ना." नाताळचा एक पाळणा त्यात आहे, बाळ येशूसाठी, अगदी बारशाच्या पाळण्याच्या ढंगाचा, एक गाणं मुंग्यांचं, एक आंघोळीचा कंटाळा करणाऱ्या मुलाचं. या वह्या बघताना मला वाटलं, अशाच वह्या नगरला असतील, नागपूरला, सोलापूरला, साताऱ्याला असतील, संडे स्कूल चालवलेल्या बायकांच्या कपाटांत. पुरुष कवींची गीतं पुस्तकांत गेली, कारण छापण्याची यंत्रणा त्यांच्या हाती होती. या बायकांची गाणी मुलांच्या तोंडी गेली, आणि मुलं मोठी झाली की गेली. मंडळ्यांनी, ग्रंथालयांनी, अगदी साहित्य संमेलनाच्या बालविभागानंही या वह्या गोळा कराव्यात. त्यासाठी मोठा निधी नको. जिच्या घरी वही आहे तिच्यापाशी बसायची फुरसत आणि एक फोन पुरे.

चाल लिहून ठेवण्यावर बाईंचा भर होता. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर त्यांनी समासात चालीचं नाव लिहिलंय, जुन्या पदसंग्रहांत असतं तसं. बहुतेक चाली मला ओळखता आल्या. तीन ओळखता आल्या नाहीत, तेव्हा त्यांनी त्या माझ्या फोनवर गाऊन दिल्या: एक भोंडल्याची, एक कीर्तनातल्या साकीची, आणि एक त्यांच्या आईनं नागपूरच्या शाळेत शिकलेली, जी तिला कुणी शिकवली ते बाईंनाही ठाऊक नाही.